पोचवीन, नाहीतर कळवीन : घरच्या ईमेल सर्व्हरची गोष्ट



बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी घर बदललं, ऑफिसात कामं होती, वगैरे नेहमीची कारणं आहेतच. असो.

गेली बारा-तेरा वर्षं मी माझा ईमेल सर्व्हर स्वतःच्या घरी चालवतो. म्हणजे मला कुणी ईमेल पाठवली की ती कुठल्या मोठ्या कंपनीच्या गोदामात न जाता बॉस्टनजवळच्या माझ्या घरात, बुटांच्या कपाटावर ठेवलेल्या एका डबीत येऊन पडते. डबी म्हणजे रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. वीज खातो एखाद्या एलईडी दिव्याइतकी. मित्र विचारतात, "फुकट मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?" आजवर मी हसून विषय टाळायचो. पण गेल्या वर्षी या डबीपायी आमच्या घरात भांडण व्हायची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न मीच स्वतःला विचारला. उत्तर शोधताना ईमेलचा सगळा इतिहास उकरावा लागला. तोच आज सांगतोय.

तर झालं असं. वाईला आमच्या आजोबांचं घर आहे. बाबा गेल्यापासून त्यांच्या वाट्याची सही माझी. काकांनी घराची व्यवस्था लावायचं मनावर घेतलं आणि वकिलांनी मला मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला. मी दोन नावांची स्पेलिंगं दुरुस्त केली, "बाकी सगळं मान्य आहे" असं लिहिलं आणि वकिलांना व काकांना उत्तर पाठवलं. पक्का मसुदा आला की इथे नोटरीपुढे सही करायची, एवढंच राहिलं होतं. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मला वाटलं, वकिलांची कामं, चालायचंच. काकांचाही फोन नाही.

मग एका रविवारी आईचा फोन आला. आवाज जरा वेगळाच. "तुझं काही म्हणणं आहे का घराबद्दल? असेल तर सरळ सांग. असं गप्प बसू नये."

मी उडालोच! माझं उत्तर कुणालाच मिळालं नव्हतं. पुतण्या अमेरिकेत बसून अडून राहिलाय, असा तिकडे समज झालेला. मी सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की समोरच्या सर्व्हरने दोन्ही पत्रं स्वीकारली, "२५० ओके". काकांना स्पॅमची घडी उघडायला सांगितली. तिथे, लॉटरी आणि औषधांच्या जाहिरातींच्या मध्ये, माझं पत्र पडलेलं होतं. वकिलांकडे तर तेवढंही सापडलं नाही.

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. मला ईमेल शिकवली ती याच काकांनी. १९९७ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो. काका कॉलेजात शिकवायचे आणि त्यांच्याकडे विदेश संचार निगमचं, म्हणजे व्हीएसएनएलचं खातं होतं. पत्ता आठवतो का कुणाला? शेवटी 'जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असं लांबलचक शेपूट! मुंबईकरांचं 'बीएम०१'. मोडेमचं ते किंचाळणं, काळ्या पडद्यावर पाइन नावाचा प्रोग्रॅम, आणि अमेरिकेतल्या आत्याला पाठवलेली दोन ओळींची मेल. मी विचारलं, "पोचली हे कसं कळणार?" काका म्हणाले, "परत आली नाही म्हणजे पोचली." तो नियम मी आणि काका दोघंही आजतागायत पाळत होतो. काकांना वाटलं, पाठवली असती तर पोचली असती. मला वाटलं, पोचली नसती तर परत आली असती. दोघांचाही नियम एकच आणि तोच आता खोटा ठरला होता.

काकांनी हा नियम मनाने बनवला नव्हता. तो ईमेलच्या पायाभरणीतच होता.

मी राहतो तिथून केंब्रिजची मोल्टन स्ट्रीट फार लांब नाही. तिथल्या बीबीएन या कंपनीत १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनियरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप पाठवला आणि नाव आणि यंत्र यांच्या मध्ये '@' हे चिन्ह घातलं. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारीच होती, पण त्यांना जोडणारा रस्ता होता तो अर्पानेटचा. पहिला निरोप काय होता ते खुद्द टॉमलिन्सनलाही नीट आठवत नसे. एकाच संगणकावर अनेकजण काम करताना एकमेकांना चिठ्ठ्या ठेवायची सोय एमआयटीत १९६५ सालीच होती. टॉमलिन्सनने चिठ्ठी यंत्राबाहेर काढली.

सुरुवातीला या पत्रांसाठी वेगळी व्यवस्थाच नव्हती. फाइली पाठवायच्या नियमावलीतच, म्हणजे एफटीपीतच, पत्रांच्या आज्ञा घुसवलेल्या. ती नियमावली लिहिणारा माणूस आपला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला अभय भूषण. पत्राच्या डोक्यावर 'कोणाकडून, विषय, तारीख' हे कसं लिहायचं याचा १९७३ चा मसुदा भूषण, टॉमलिन्सन आणि आणखी दोघांच्या नावावर आहे. 'ईमेलमागे भारतीय डोकं' अशा गोष्टी फिरत असतात. त्यात हे नाव क्वचित दिसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढे १९८२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉन पोस्टेलने एसएमटीपी, म्हणजे 'साधी टपाल-वाहतूक नियमावली' लिहिली. यातलं 'साधी' हे विशेषण अगदी खरं आहे. दोन यंत्रांचं बोलणं साधारण असं चालतं:

"नमस्कार, मी अमुक यंत्र."
"नमस्कार."
"तमुक माणसाकडून पत्र आहे."
"२५०, बरं."
"अमक्या माणसाला द्यायचं आहे."
"२५०, बरं, आहे तो इथे."
"हे घ्या पत्र."
"२५०, मिळालं."

त्या शेवटच्या '२५०' चा अर्थ नियमात पक्का आहे. पत्र घेतलं म्हणजे जबाबदारी घेतली. आता एकतर ते पोचवायचं, नाहीतर पाठवणाऱ्याला 'पोचवता आलं नाही' असं कळवायचं. आपल्या टपालखात्यात पत्त्यावर माणूस सापडला नाही तर शेरा मारून पाकीट परत येतं, तसंच. पोचवीन, नाहीतर कळवीन. काकांचा नियम तो हाच.

या रचनेत 'मोठा सर्व्हर' आणि 'घरचा सर्व्हर' असा भेदच नाही, हेही लक्षात घ्या. प्रत्येक यंत्र हे एक पोस्ट ऑफिस. १९८६ मध्ये ठरलं की कुठल्या नावाची टपाल कुठल्या यंत्रावर टाकायची हे डीएनएस नावाच्या जागतिक पत्त्यांच्या वहीत लिहून ठेवायचं. ती नोंद म्हणजे एमएक्स. माझ्या नावापुढच्या एमएक्समध्ये माझ्या बुटांच्या कपाटावरच्या डबीचं नाव आहे. जीमेलच्या नावापुढे गूगलची यंत्रं आहेत. नियमाच्या दृष्टीने दोघांची पत एकच!

आणि ही पोस्ट ऑफिसं एकमेकांना मदतही करायची. तुमच्याकडून पलीकडच्या गावाला जायची तार नसेल, तर मधला कुणीही पत्र घेऊन पुढे ढकलायचा. भारतात ईमेल आली ती अशीच. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात जुहूची एनसीएसटी, आयआयएससी आणि पाच आयआयटी होत्या. सुरुवातीला यंत्रं टेलिफोनने एकमेकांना गाठून पत्रांचे गठ्ठे देत-घेत. त्या पद्धतीला यूयूसीपी म्हणत. फोन लागला नाही तर पत्र थांबे, लागला की जाई. परदेशची टपाल जुहूच्या यंत्रातून अमेरिकेत जाई आणि तिकडे कुणीतरी ती पुढे नेई. आपल्या कॉलेजचं पत्र दुसऱ्याने फुकट वाहून नेण्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. गावाकडे एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला की तो तालुक्याला शिकणाऱ्या पोराला पोचायचाच ना, तसं.

मग बिघडलं कुठे?

त्या साध्या बोलण्यात एक भोक आहे, तुमच्या लक्षात आलं असेलच. "तमुक माणसाकडून पत्र आहे" हे खरं की खोटं, हे कुणी विचारतच नाही. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव म्हणून मी काहीही लिहू शकतो. अर्पानेटवर शे-दोनशे यंत्रं आणि सगळे ओळखीचे, तेव्हा ते खपून गेलं. तरी तिथेही १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने नव्या संगणकाच्या जाहिरातीची एकच मेल सुमारे ४०० जणांना धाडली. आरडाओरडा झाला, त्याला तंबी मिळाली, पण त्याचे संगणकही विकले गेले! पुढच्या सगळ्या रामायणाचं बीज त्या शेवटच्या वाक्यात आहे.

१९९४ साली ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने हजारो यूजनेट गटांवर एक जाहिरात टाकली. कशाची? ग्रीन कार्डाच्या लॉटरीचा अर्ज भरून देण्याची! इंटरनेटवरच्या पहिल्या कुप्रसिद्ध स्पॅमचं गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखी परदेशी जनता होती. :)

नंतरच्या चार-पाच वर्षांत जाहिरातवाल्यांना शोध लागला की जगभरची पोस्ट ऑफिसं कुणाचीही टपाल फुकट पुढे ढकलतात. कुठल्यातरी विद्यापीठाच्या यंत्राला एक पत्र आणि दहा हजार पत्ते द्यायचे, वाहतुकीचा खर्च त्या विद्यापीठाचा. या उघड्या यंत्रांना 'ओपन रिले' हे नाव पडलं आणि काल जे सौजन्य होतं त्याचा आज गुन्हा झाला. सेंडमेल हा त्या काळचा सर्वात प्रचलित सर्व्हर बर्कलीच्या एरिक ऑलमनने लिहिला होता. १९९८ च्या ८.९ आवृत्तीपासून त्याने अनोळखी टपाल पुढे ढकलणं मुळातच बंद करून टाकलं. कंडक्टरने डबा घेणं थांबवलं.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी काळी यादी सुरू केली. कल्पना सोपी: स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांचे आयपी पत्ते एका वहीत लिहायचे. कुणीही टपाल घेण्याआधी त्या वहीत बघायचं आणि नाव असेल तर दार लावून घ्यायचं. यादी चालवणाऱ्या संस्थेचं नाव 'मॅप्स'. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की 'स्पॅम'!

या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिथून एक मोठा बदल सुरू झाला. आधी प्रश्न होता 'पत्र कोणाला आहे?' आता प्रश्न झाला 'पत्र आणणारा कोण आहे?'

याला विरोध करणारेही होते. सॅन फ्रान्सिस्कोचा जॉन गिलमोर, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक, आपला सर्व्हर तत्त्व म्हणून उघडा ठेवायचा. मित्रांना प्रवासात कुठूनही टपाल पाठवता यावी, आणि पत्रातला मजकूर ठरवणारे तुम्ही कोण, असं त्याचं म्हणणं. २००१ मध्ये त्याच्या इंटरनेट कंपनीने जोडणी तोडायची धमकी दिली. अनेक काळ्या याद्यांमध्ये त्याचं नाव गेलं. मला हा माणूस आवडतो, पण एक सांगतो, माझी डबी मी उघडी ठेवत नाही. तेवढं तत्त्व माझ्या अंगात नाही.

खरा तडाखा बसला तो २००३ नंतर. त्या वर्षीच्या सोबिग या किड्याने लाखो घरगुती विंडोज संगणकांत शिरकाव केला. असे संगणक मालकाच्या नकळत स्पॅम पाठवू लागले. म्हणजे आता स्पॅम येत होती ती घराघरातून! इंटरनेट कंपन्यांनी त्यावर सरळ उपाय केला. टपाल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते ते २५ क्रमांकाचं दार घरगुती ग्राहकांसाठी एकामागून एक बंद होऊ लागलं. घरगुती आयपी पत्त्यांच्या वेगळ्या याद्या तयार झाल्या. त्यात नाव असण्यासाठी तुम्ही काही पाप करायची गरज नाही. तुमचं यंत्र घरात आहे, हेच पुरे.

आणि याच काळात 'नाहीतर कळवीन' हे अर्ध वचनही मोडलं. कारण वाचाल तर पटेल. स्पॅमवर पाठवणाऱ्याचं नाव खोटं असतं. समजा, कुणी माझं नाव घालून एक लाख पत्रं पाठवली आणि त्यातली पन्नास हजार पोचली नाहीत. नियमाप्रमाणे वागणारे सगळे सर्व्हर 'पोचवता आलं नाही' हे कुणाला कळवणार? मला! निरपराध माणसाच्या डोक्यावर पन्नास हजार परतपत्रं. म्हणून शहाण्या सर्व्हरांनी पत्र घेतल्यावर कळवणंच कमी केलं. संशयास्पद पत्र घ्यायचं, '२५०' म्हणायचं आणि गुपचूप बाजूला टाकायचं. स्पॅम पाठवणाऱ्याला आपली युक्ती फसली हेही कळू नये, हा वरचा फायदा. यात कुणाचा दुष्टपणा नाही. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी रास्तच होतं. पण '२५०' चा जुना अर्थ त्यात गेला, आणि वीस वर्षांनी वाईच्या घराची सही अडकली.

२००४ च्या जानेवारीत बिल गेट्स दावोसला म्हणाले की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्याच वर्षी १ एप्रिलला गूगलने जीमेल काढली, एक जीबी जागेसह. तेव्हा हॉटमेल दोन एमबी आणि याहू चार एमबी देत असल्यामुळे अनेकांना तो एप्रिल फूलच वाटला. स्पॅम सुटलं नाही, पण सामान्य माणसापुरतं ते दिसेनासं झालं, कारण कोट्यवधी लोकांची टपाल एका जागी आली की कुठलं पत्र नकोसं आहे हे ओळखणं फार सोपं होतं. हे श्रेय मोठ्या कंपन्यांना द्यायलाच हवं. बदल्यात ठरवायचा अधिकारही त्यांच्याकडे गेला.

त्या मूळ भोकाला ठिगळंही लागली. एसपीएफ (२००६ चा मसुदा): 'माझ्या नावाने फक्त या यंत्रांवरूनच टपाल येईल' अशी जाहीर नोंद. डीकेआयएम (२००७): प्रत्येक पत्रावर लाखेच्या मोहरेसारखी गणिती सही. डीमार्क (२०१२ मध्ये जाहीर): 'मोहर जुळली नाही तर पत्राचं काय करायचं' याची सूचना. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी यातली किमान एक खूण सगळ्यांना सक्तीची केली, आणि गठ्ठ्याने टपाल पाठवणाऱ्यांना तिन्ही. माझ्या डबीकडे तिन्ही आहेत, एका शनिवारात लावून झाल्या. पण मोहर एवढंच सिद्ध करते की पत्र माझंच आहे. मी भला माणूस आहे हे सिद्ध करत नाही. ते ठरतं 'पत' या गोष्टीवर, आणि पत मिळते नियमित, भरपूर, तक्रारीविना टपाल पाठवून. मी आठवड्याला वीस पत्रं पाठवतो. वीस पत्रांवर कसली पत उभी राहणार? त्यातून घर बदलल्यावर मला नवा आयपी पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर आधी कोण राहत होतं, देव जाणे. नव्या भाडेकरूच्या दारात जुन्याचे सावकार येतात, तसं झालं.

तुम्ही म्हणाल, हे तुझ्यासारख्या हौशी माणसाचं रडगाणं. बरं, मग जगातल्या सर्वात प्रसिद्ध घरगुती ईमेल सर्व्हरची गोष्ट ऐका. हिलरी क्लिंटन २००९ ते २०१३ अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होत्या आणि त्यांची टपाल न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा गावच्या घरी ठेवलेल्या खासगी सर्व्हरवरून चाले. २०१५ च्या मार्चमध्ये हे उघड झालं आणि पुढचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे. ते योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांचा २०१६ च्या मे महिन्यातला अहवाल मी इंजिनियर म्हणून वाचला आणि एका जागी थबकलो. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मॅडमची सहायक त्यांना कळवते की तुमच्या मेल खात्यातल्या लोकांना मिळत नाहीत, तुम्ही सरकारी ईमेल घ्या किंवा तुमचा पत्ता खात्याला कळवू या, म्हणजे पत्रं स्पॅममध्ये जाणार नाहीत. मंडळी, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची पत्रं त्यांच्याच खात्यात स्पॅम ठरत होती! तिथे माझी काय कथा? त्याच अहवालात पुढे आहे की २०११ च्या जानेवारीत कुणीतरी सर्व्हर फोडायचा प्रयत्न करतंय अशा संशयावरून सांभाळणाऱ्याने तो सरळ बंद केला होता. घरचा सर्व्हर म्हणजे रात्रपाळीचा पहारेकरीही आपणच.

तर मग घरी ईमेल सर्व्हर चालवणं व्यवहार्य आहे का? बारा वर्षांचा हिशोब मांडतो.

यंत्र, वीज, जागा हा प्रश्नच नाही. सॉफ्टवेअरही नाही. आयबीएमच्या संशोधन केंद्रात वित्से व्हेनेमाने लिहिलेला आणि १९९८ मध्ये खुला केलेला पोस्टफिक्स मी वापरतो. तो फुकट आहे, भक्कम आहे, आणि महिनोन्महिने त्याच्याकडे बघावं लागत नाही. 'लाईट गेली तर?' हा आईचा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं: काही होत नाही. माझी डबी बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःकडे ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि निदान चार-पाच दिवस सोडू नये असं नियमावली सांगते. टेलिफोन लागेपर्यंत थांबणाऱ्या त्या जुन्या टपालाचा चिवटपणा अजून शिल्लक आहे. हिमवादळात आमची वीज दोन दिवस गेली होती. आल्यावर पाच मिनिटांत सगळी टपाल येऊन पडली.

म्हणजे टपाल घरी घेणं आजही पूर्ण व्यवहार्य आहे. पाठवणं मात्र नाही. ऐकण्याचा हक्क १९८२ इतकाच शाबूत आहे, बोललेलं ऐकू जाईल याची खात्री मात्र दुसऱ्यांच्या हाती गेली आहे. हा फरक मला इतकी वर्षं नीट दिसला नव्हता, कारण माझी पत्रं बहुतेक पोचत होती. आणि 'बहुतेक' हा शब्द टपालात चालत नाही.

मग बंद का करत नाही? मी हा खटाटोप सुरू केला तो पीएचडी करताना. एक सीनियर पदवी घेऊन गेला आणि काही महिन्यांत त्याच्या विद्यापीठाने त्याचा ईमेल पत्ता बंद केला. पाच वर्षांची पत्रं, संपर्क, सगळं त्या पत्त्यासोबत गेलं. तेव्हा कळलं की पत्ता ज्याच्या नावावर, टपाल त्याची. मी स्वतःचं नाव नोंदवलं, बाबांनाही त्यावर एक पत्ता काढून दिला. बाबांची मला आलेली शेवटची मेल २०१९ ची आहे, गुडघेदुखी आणि भारताच्या सेमीफायनलबद्दल. ती, आणि त्याआधीच्या सगळ्या, माझ्या घरात आहेत. कुणी अटी बदलल्या, कुणी कंपनी विकली, कुणी 'वापरात नसलेली खाती पुसू' म्हटलं, तरी त्यांना धक्का लागणार नाही.

म्हणून मी मधला मार्ग काढला. येणारी टपाल डबीतच येते. जाणारी टपाल मात्र मी आता एका पाठवणी-सेवेकडे देतो. ती महिन्याला थोडे पैसे घेते आणि तिची पत बाजारात चांगली आहे, माझ्या वतीने ती दारं ठोठावते. १९८० च्या दशकात जुहूच्या टपालासाठी तिकडचं कुणी ना कुणी जे करत होतं तेच, फक्त आता बिल येतं. हरलो का? थोडा हरलो, कबूल आहे.

वाईच्या घराचं काम दिवाळीआधी झालं. वकिलांना मसुदा पुन्हा पाठवला, नोटरीकडे सही झाली, कुरियर गेलं. काकांना मी फोनवर सगळी तांत्रिक कहाणी सांगितली. एसएमटीपी, २५०, खोटी परतपत्रं, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे परत आली नाही तरी पोचली असं नाही?"

"नाही, काका."

"हे वाईट झालं," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी स्वतःच एक पद्धत पाडली आहे. माझी मेल मिळाली की दुसरं काही लिहायचं नसलं तरी ते एका शब्दाचं उत्तर पाठवतात: "पोचली." मीही आता तसंच करतो.